रंग पक्का आहे, साहेब!

या पानावर मी आजवर हुमणीवर लिहिले, बीजप्रक्रियेवर लिहिले, आणि माती परीक्षणावर तर इतक्या वेळा लिहिले की, "साहेब, आता माती चाखूनच चव सांगा," असे एका शेतकरीबंधूंनी मला तोंडावर ऐकवले. आज मात्र कापडावर लिहिणार आहे. कापडातले मला फार कळते म्हणून नव्हे. कळत नव्हते म्हणून घरात जे झाले ते मायबहिणींच्या कानावर घालावे, एवढ्यासाठी.

२०२१ च्या आषाढात आमची आई गेली. तिच्या पेटीत सहा लुगडी निघाली. दोन इरकली, एक जुनी चंद्रकळा, आणि तीन रोजच्या वापराची. त्या तिघांतले एक मोतिया रंगाचे होते, बारीक निळ्या ठिपक्यांचे. धुवून धुवून ते इतके मऊ झाले होते की घरात कोणाला ताप आला की आई तेच अंगावर घालायची. आम्ही तिघेही भावंडे त्या लुगड्याखाली घाम येऊन बरी झालेली.

वर्षश्राद्धाला अक्का आली, तेव्हा तिनेच विषय काढला. "पेटीत ठिवून कसर खाणार. त्यापरीस तीन गोधड्या करूया. तिघांना तीन." सर्वांना ते पटले. पहिली गोधडी अक्काची, कारण ती थोरली, आणि ती तिला भाऊबीजेला द्यायची असे ठरले.

गोधडीचे काम ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊकच आहे, नुसत्या जुन्या लुगड्यांवर गोधडी उभी राहत नाही. नऊवारी चौघडी केली की गोधडीची लांबी बरोबर येते आणि आत जुनी धोतरे, सदरे घालून जाडी करता येते. पण जुने कापड विरलेले असते. हात, पाय, ओढाताण सगळी काठावर येते. म्हणून काठाला गोट आणि मध्ये चौकटी घालायला थोडे नवे, दमदार कापड लागते. ते गर्द आणि एकरंगी असले की मळ दिसत नाही, आणि शेजारचे फिके तुकडे उठून दिसतात. आमची काकू म्हणते, गर्द काठाशिवाय गोधडी म्हणजे बांधाशिवाय वावर.

तर हे कापड आणण्याचे काम माझ्याकडे आले. सौ. ने कागदावर लिहून दिले: चार मीटर डाळिंबी, दोन मीटर काळे, सुती, रंग न जाणारे. त्या दिवशी तालुक्याला बैठक होती आणि ती लांबली. दुकानात शिरलो तेव्हा दुकानदार जेवायला निघाला होता. त्याने तागा उलगडला, कापड कडक, तुकतुकीत, डाळिंबाच्या दाण्यासारखे. मी विचारले, "रंग जाणार नाही ना?" तो म्हणाला, "रंग पक्का आहे, साहेब!" झाले माझे परीक्षण. पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत "रंगाची व आटण्याची हमी नाही" असे छापलेले होते, ते मी वाचले ते पुढच्या वर्षी.

२०२२ ची दिवाळी झाल्यावर, ज्वारीच्या पेरण्या उरकल्या की दुपारी सोप्यात गोधडी अंथरली जाऊ लागली. काकूचे वय अठ्ठ्याहत्तर. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, पण दोरा ओवून दिला की तिच्या धाव टाक्याची रांग पेरणीच्या तासासारखी सरळ जायची. कडेने सुरुवात करून फिरत फिरत मधे यायचे, ही जुनी रीत. मध्यभागी मोतिया लुगड्याचा मोठा चौक, त्याला डाळिंबी चौकट, आणि कडेला काळा गोट. गोधडी पुरी व्हायला उन्हाळा उजाडला. पाहणाऱ्या बायका हात फिरवून जायच्या.

मग आला २०२३ चा दसरा. आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुवायचे, दसरा काढायचा. नवी गोधडी एकदा पाण्यातून काढली की मऊ पडते, मग भाऊबीजेला द्यायची, असा सौ. चा हिशेब. रात्री तिने ती मोठ्या टबात साबणाची पूड घालून भिजत ठेवली.

पहाटे मला हाक आली. टबातले पाणी तांबडेलाल झाले होते. गोधडी उचलली तर आईचे मोतिया लुगडे गुलाबी झालेले, आणि जिथे घडी डाळिंबी कापडावर दबून राहिली होती तिथे कुंकवाच्या बोटासारखे पट्टे. निळे ठिपके कुठे गेले ते कळेना. सौ. तिथेच मोरीच्या कडेला बसली. मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मी उगीच म्हणालो, "असं कसं झालं?" तेव्हा काकू ओट्यावरून म्हणाली, "गावभर सांगत फिरतोस, पेरायच्या आधी शंभर दाणं वल्या पोत्यात गुंडाळून बघा म्हणून. कापडाची एक चिंधी तरी वली करून बघितलीस का रं?"

मंडळी, तीस वर्षे मी सोयाबीनची उगवण चाचणी घ्या म्हणून सांगतो आहे. शंभर दाणे, ओले गोणपाट, आठवडाभर थांबा, सत्तरच्या वर उगवले तर एकरी तीस किलो प्रमाणाने पेरा. पिशवीवरचे छापील शब्द खरे मानू नका, असे मीच सांगतो. आणि आईच्या लुगड्याला लावायचे कापड मी दुकानदाराच्या शब्दावर आणले. काकूला उत्तर दिले नाही. देण्यासारखे नव्हतेच.

सौ. गोधडी उन्हात टाकायला निघाली होती. तेवढ्यात मला साताऱ्यातले साड्या रंगवून देणारे एक म्हातारे रंगारी आठवले. त्यांच्या मुलाला मी पूर्वी आंब्याची कलमे मिळवून दिली होती. फोन लावला. चाचा ओरडलेच, "वाळवू नका! ओली आहे तोवर रंग पाहुणा आहे. वाळला, उन्हात तापला, की घरजावई झाला."

त्यांनी सांगितले तसे केले. गोधडी पिळून न ठेवता लगेच भरपूर पाण्यात टाकायची. भरपूर म्हणजे टबभर नव्हे, ड्रमभर. (पाण्याचा ड्रम घ्या. फवारणीच्या औषधाचा ड्रम कितीही धुतलेला असला तरी अंथरुणा-पांघरुणाला लावू नका, हे माझ्या नोकरीचे सांगणे.) बंब दोनदा तापवला. हाताला सोसणार नाही असे गरम पाणी, त्यात साबण, आणि गोधडी पूर्ण बुडालेली. एक कोपराही वर तरंगता कामा नये, नाहीतर तिथे रंग चढून बसतो. सहा-सात तासांनी पांढऱ्या कपात ते पाणी घेऊन बघायचे. रंग दिसला की पाणी ओतून द्यायचे आणि नवे गरम पाणी. आम्हाला चार पाणी लागली, दोन दिवस आणि एक रात्र गेली. चौथ्या कपात पाणी स्वच्छ आले.

लुगड्याचा गुलाबीपणा पुष्कळ गेला. ठिपके परत दिसू लागले. घडीवरचे दोन पट्टे मात्र राहिले, ते आजही आहेत.

पुढे सवड काढून मी चाचांकडे जाऊन बसलो. सोबत त्या डाळिंबी आणि काळ्या कापडाच्या चिंध्या नेल्या होत्या. त्यांनी जे सांगितले ते मला माझ्या भाषेत लगेच समजले, म्हणून तसेच सांगतो.

जमिनीत आपण युरिया टाकतो, त्याचे पुढे नायट्रेट होते आणि जास्त पाणी दिले की ते पाण्याबरोबर निचरून जाते. स्फुरदाचे तसे नाही, ते मातीला धरून बसते. कापडाच्या रंगांतही हे दोन प्रकार आहेत. स्वस्तातले साधे रंग धाग्याला नुसते चिकटून असतात. पाणी लागले की सुटतात, दर धुण्याला थोडे थोडे जातात, आणि शेजारी फिके कापड असेल तर त्याला लागतात. दुसरे रंग सुताशी रासायनिक गाठ बांधतात. हे १९५६ साली इंग्लंडातून बाजारात आले आणि आज सुती कापडाला पुष्कळ ठिकाणी तेच वापरतात. तिसरे इंडान्थ्रीन जातीचे, १९०१ साली जर्मनीत निघालेले. ते धाग्याच्या आत जाऊन पाण्यात न विरघळणारे होतात. उन्हालाही चांगले टिकतात, पण महाग.

"मग माझे कापड स्वस्तातले होते का?" मी विचारले. चाचांनी चिंधी ओली करून नखाने चोळली, साबणाच्या उकळत्या पाण्यात दोन-तीनदा खळबळली, आणि म्हणाले, "नाही. रंग चांगला आहे. धुलाई वाईट आहे." मला नवल वाटले. त्यांचे म्हणणे असे की, फिकट छटेला शंभर किलो कापडामागे किलोभर रंग पुरतो, पण काळ्या, डाळिंबी, गर्द निळ्या छटेला पाच-सहा किलो किंवा त्याहूनही जास्त लागतो. त्यातला सगळाच सुताशी गाठ बांधत नाही. काही भाग पाण्याशीच बांधला जातो आणि नुसता कापडात अडकून राहतो. तो साबणाच्या उकळत्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून काढावा लागतो. इथे पाणी, जळण आणि वेळ वाचवला की तो अडकलेला रंग खळीखाली झाकून तसाच आपल्या घरी येतो. मागावरून उतरलेले कोरे कापड सारखेच असले तरी कोणी कसे रंगवले, कसे धुतले, यावर सगळे आले. म्हणून गर्द कापडच जास्त दगा देते. हे कळल्यावर वाटले, शिवण्याआधी हेच कापड आम्ही घरी दोन-तीन गरम पाण्यांतून काढले असते, तर काहीच झाले नसते.

सौ. ने शिवण्याआधी काही केले नव्हते असे मात्र नाही. तिने ते कापड रात्रभर मिठाच्या पाण्यात घातले होते आणि पाणी स्वच्छ राहिले म्हणून निर्धास्त झाली होती. घरोघरी हेच करतात, कोणी तुरटीही टाकतात. चाचा हसले. कापड रंगवताना मीठ घालतात ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलण्यासाठी. मिठाच्या पाण्यात रंग बाहेर येत नाही, म्हणून आपल्याला वाटते बसला. साध्या पाण्यात गेला की येतोच. तुरटी ही मंजिष्ठेसारख्या जुन्या वनस्पतिरंगांना लागायची, आणि तीही रंगवताना. तयार कापडाला तिचा उपयोग नाही. हे घरी येऊन सांगितले, तेव्हा सौ. म्हणाली, "म्हणजे मिठाच्या पाण्यानं मला फसवलं, आणि दुकानदारानं तुम्हाला." त्यानंतर तिचा राग थोडा निवळला असावा.

काळ्या कापडाची गोष्ट निराळी निघाली. त्याने पाण्यात रंग सोडला नव्हता. तो गंधकाचा काळा रंग होता, स्वस्त आणि धुण्याला चांगला. पण ब्लीचिंग पावडरीचा तो वैरी. टाकीत पावडर टाकली त्या दिवशीच्या पाण्यात असे कापड धुऊ नये, तांबूस होते. शिवाय असे कापड वर्षानुवर्षे पेटीत दमट जागी पडले तर कधी कधी आपोआप कुजकट होऊन फाटते. वापरातली गोधडी धुतली जाते, वारा खाते, त्यामुळे तिला ही भीती कमी.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पूर्वी आई आणि काकू गोधड्या घेऊन वसनेच्या पाण्यावर जायच्या. तेव्हाही कापडाचे रंग जातच असणार. तांबडे पाणी वाहत गेलेले मी लहानपणी पाहिले आहे. पण ते वाहून जायचे. आज टबात, मशिनमध्ये सुटलेला रंग तिथेच फिरत राहतो आणि फिके कापड दिसले की त्यावर बसतो. रात्रभर भिजत ठेवणे तर सर्वांत वाईट. आपण मात्र त्याला काळजीने धुणे समजतो.

दुसऱ्या गोधडीच्या वेळी मी बैठकीच्या दिवशी दुकानात गेलो नाही. सुट्टी काढून गेलो, आणि सौ. ला बरोबर घेतले. तीन दुकानांतून पाच रंगांचे वीत-वीतभर तुकडे विकत घेतले. एका दुकानदाराने "एवढ्याशा चिंधीचं काय करणार?" म्हणून तोंड वाकडे केले. पण तागा दाखवताना ज्यांची उलट बाजू फिकट दिसली ती आम्ही तिथेच बाजूला सारली. कापडाच्या दोन्ही बाजू सारख्या गर्द हव्यात. एका बाजूने छापून काळे केलेले कापड घडीवर पांढरे पडते. काठाचा एक धागा ओढून त्याचा पीळ उलगडून पाहिला. आत पांढरा निघाला तर रंग वरवरचा. सुती आहे का हे पाहायला तोच धागा जाळावा. कागद जळाल्यासारखा वास येऊन मऊ राख झाली तर सूत, वितळून टणक मणी झाला तर टेरिलीनची भेसळ. त्या भेसळीचा रंग सहसा जात नाही हे खरे, पण अंगाला ते मानवत नाही, घाम धरत नाही, आणि जुन्या सुती लुगड्याबरोबर ते धड आटतही नाही.

घरी आल्यावर पाच पेल्यांत कढत पाणी, चिमूटभर साबणाची पूड, आणि प्रत्येकात एक तुकडा. तुकड्याला पांढऱ्या जुन्या धोतराची चिंधी टाके घालून जोडली. पाण्याला रंग आला म्हणून लगेच घाबरायचे नाही, खरी साक्ष पांढऱ्या चिंधीची. अर्ध्या तासाने दोन्ही तशीच एकावर एक ओली ठेवून ताटलीखाली दाबली आणि दुसऱ्या दिवशी पाहिली. गोधडी वाळायला वेळ लागतो, पावसाळी हवेत तर दोन दिवस ओल राहते, म्हणून ही दाबाची परीक्षा जरूर घ्यावी. आम्ही हे तीनदा केले. दोन तांबडी कापडे होती. एक तिसऱ्या पाण्यालाही चिंधी रंगवीत राहिले, ते नापास. दुसरे दुसऱ्या पाण्याला थांबले. पण चाचांचा आणखी एक सल्ला होता, पांढरे फडके ओले करून दहा वेळा चोळा, मग कोरड्यानेही चोळा. त्यात हे दुसरे तांबडे लागले. काही रंग पाण्याला भीक घालत नाहीत, पण घासले की लागतात, आणि गोधडी रात्रभर अंगाला घासतेच. गर्द निळ्याचेही तेच झाले. बाटलीहिरवा आणि कॉफी, हे दोन पास झाले.

एवढ्यावर भागले नाही. रंग सुटणे वेगळे आणि रंग विटणे वेगळे. पाण्यात चांगला असलेला रंग उन्हात उडू शकतो. गिरणीत यासाठी दोन वेगळे मापदंड असतात, धुण्यासाठी १ ते ५ गुण आणि प्रकाशासाठी १ ते ८. आपल्याकडे दक्षिणेची खिडकी असते. मी दोन्ही तुकडे पुठ्ठ्यावर ताणले, निम्मे दुसऱ्या पुठ्ठ्याने झाकले आणि महिनाभर खिडकीत उन्हाला लावले. कॉफी रंगाच्या झाकल्या आणि उघड्या भागात रेघ दिसू लागली. बाटलीहिरव्यात दिसली नाही. बाटलीहिरवे ठरले. एकदम सहा मीटर घेतले, कारण तोच रंग म्हणून पुढे पुन्हा घेतलेला तागा दुसऱ्या घाणीचा असू शकतो. सगळे कापड शिवण्याआधी गरम साबणाच्या पाण्यातून तीनदा काढले. मीटरमागे चार सेंटिमीटर आटले. ते न काढता शिवले असते तर पहिल्या धुण्याला काठ आकसून गोधडी पापडासारखी वाकडी झाली असती.

हे सगळे ऐकून काहीजण म्हणतील, चिंध्यांच्या गोधडीसाठी एवढा खटाटोप? बाजारात गोधड्या तयार मिळतात, मशिनवर शिवलेल्या. मिळतात, आणि ज्यांना हव्यात त्यांनी जरूर घ्याव्यात. पण त्यात आपल्या आईचे लुगडे नसते.

अक्काची गोधडी भाऊबीजेला दिलीच. न देण्याचा विचार मनात आला होता. सौ. म्हणाली, "वन्सं रागावतील, पण न देणं बरं नव्हे." जे झाले ते मी अक्काला सगळे सांगितले. तिने गोधडी मांडीवर घेतली, मोतिया चौकावर नाक टेकवले, आणि बराच वेळ तशीच बसली. मग म्हणाली, "पट्ट्यांचं काय न्हाई रं. वास गेला हिचा." चार गरम पाण्यांत तो गेला होता. मला त्याची आठवणच झाली नव्हती.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. बाजारातून आलेले कापड पाहिजे तितके धुवायचे, आईचे लुगडे मात्र पेटीतून काढले तसे गोधडीत घालायचे. दुसरी गोधडी २०२४ च्या थंडीत झाली. ती सावलीत, उलटी बाजू वर करून वाळते, आणि धुताना पाण्यात एक पांढरा रुमाल टाकलेला असतो. अजून तो पांढराच निघतो आहे. तिसरी पुण्याच्या धाकट्याची. तिच्यासाठी त्याला डाळिंबीच काठ हवा आहे, अक्कासारखा. त्यामुळे सध्या ओट्यावर पाच पेले आहेत आणि प्रत्येकात एकेक तांबडी चिंधी. काकू जाता-येता वाकून बघते आणि विचारते, "उगवलं का रं?"